सतरंजीवरचा लॅपटॉप: कोकणातल्या कार्यक्रमांसाठी सॉफ्टवेअर वाद्यांचं सामान कसं निवडावं

देवगडच्या अलीकडच्या एका वाडीत गणपतीतलं रात्रीचं भजन होतं. खळ्यात पत्र्याचा मंडप, पत्र्यावर पाऊस, खाली सतरंजीवर आम्ही सगळे मांडी घालून. रूपाचा अभंग झाला, गौळण सुरू झाली आणि लाईट गेली. घरधन्यांनी मिनिटाभरात जनरेटर लावला. माईक परत आले, स्पीकर परत आले, माझी लॅपटॉपमधली पेटी मात्र आली नाही. लॅपटॉप बॅटरीवर चालूच होता. कळ दाबली की पडद्यावरची हिरवी रेघ हलत होती, आवाज नव्हता. लॅपटॉप आणि मिक्सर यांच्या मधला ऑडिओ इंटरफेस, म्हणजे लॅपटॉपमधला आवाज मिक्सरला देणारा डबा, वेगळ्या अडॅप्टरवर चालणारा होता. तो लाईटबरोबर गेला, आणि परत आल्यावर सॉफ्टवेअरने त्याला ओळखलंच नाही. बुवांनी मागे न बघता एवढंच सांगितलं, "तू बघ, आमी गजर धरतंव." पखवाज आणि झांजांवर त्यांनी सात-आठ मिनिटं भजन उभं ठेवलं, तेवढ्यात मी सगळं बंद करून पुन्हा चालू केलं.

त्या रात्रीपासून सामान निवडायची माझी रीत बदलली. आधी कुठला पियानो गोड वाजतो ते बघायचो. आता लाईट गेल्यावर काय चालू राहतं ते आधी बघतो, मग एका माणसाला किती उचलता येतं ते, आणि आवाज त्यानंतर. खालच्या पायऱ्या त्याच विचाराने लिहिल्या आहेत. भजन, हळदीचा ऑर्केस्ट्रा, तारकर्ली किंवा गणपतीपुळ्याकडच्या रिसॉर्टवरचा गाण्यांचा कार्यक्रम, असं काहीही वाजवणाऱ्याला त्या उपयोगी पडतील.

पहिली पायरी: वर्षभरातले कार्यक्रम कागदावर घ्या

दुकानात जायच्या आधी गेल्या वर्षी कुठे कुठे वाजवलं ते लिहून काढा. प्रत्येकासमोर तीन गोष्टी लिहा: तिथे कसे गेलात, खाली बसलात की खुर्चीवर, आणि वाजवलं काय. माझ्या यादीत निम्म्याहून जास्त कार्यक्रम खाली बसून होते आणि बहुतेक ठिकाणी मी मोटरसायकलने किंवा एसटीने गेलो होतो. एवढ्या माहितीवरच ८८ कळांचा वजनदार कीबोर्ड यादीतून निघून गेला. वर्षातून एकदा रत्नागिरीच्या सभागृहात वाजवायचं म्हणून उरलेले दिवस ते ओझं वाहण्यात अर्थ नाही, एका दिवसापुरतं भाड्याने मिळतं.

दुसरी पायरी: वीज

पुण्या-मुंबईचे वादक वीज शेवटी बघत असतील, पण आपल्याकडे ती पहिली. सामानातली प्रत्येक वस्तू हातात घेऊन एकच प्रश्न विचारा: हिला स्वतःचा प्लग आहे का? ज्या वस्तूला प्लग आहे ती लाईटबरोबर जाणार. म्हणून लॅपटॉपच्या यूएसबीवरच चालणारा इंटरफेस घ्या आणि यूएसबीवरच चालणारा कीबोर्ड घ्या. मग लॅपटॉपची बॅटरी सगळ्यांना पोसते. जनरेटर सुरू होईपर्यंत स्पीकर गप्प असतील, पण ते परत आले की तुमचा सूर तयार असतो.

यूएसबी किती वीज देतं तेही बघा. जुन्या २.० च्या पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर मिळतात, ३.० मधून ९००. साधा मिडी कीबोर्ड, म्हणजे स्वतःचा आवाज नसलेला आणि कुठली कळ दाबली एवढंच लॅपटॉपला सांगणारा, एवढ्यात आरामात चालतो, दोन इनपुटांचे बरेचसे छोटे इंटरफेसही चालतात. पण दोन्ही एकाच स्वस्त हबवर लावले की गडबड सुरू होते, कीबोर्ड मधेच गायब होऊन परत येतो. त्यावर उपाय म्हणून प्लगवाला हब घेतलात तर प्रश्न पुन्हा पहिल्या जागी आला. त्यामुळे दोन स्वतंत्र पोर्ट असलेला लॅपटॉप निवडा: इंटरफेस थेट लॅपटॉपला, कीबोर्ड दुसऱ्या पोर्टला. हब वापरायचाच झाला तर त्यावर फक्त कीबोर्ड टाका, इंटरफेस कधीच नको.

यूपीएस घ्यावा का असं बरेच जण विचारतात. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस चार-पाच किलोचा असतो, आणि लॅपटॉपच्या पोटात यूपीएस आधीच बसलेला आहे. ते पैसे बॅटरीवर घाला. जुन्या लॅपटॉपची बॅटरी तासभरही टिकत नसेल तर नवीन कीबोर्ड घेण्याआधी ती बदला. लॅपटॉप यूएसबी-सीवर चार्ज होणारा असेल तर ६५ वॉटची, २०,००० एमएएचची पॉवर बँक पिशवीत ठेवा. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॉट-अवर. एम-१ मॅकबुक एअरची बॅटरी ५० वॉट-अवरच्या आसपास आहे, म्हणजे थोडी वीज रूपांतरात वाया गेली तरी जवळपास एक पूर्ण चार्ज मिळतो. रात्रभराच्या डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला, तेवढं पुरतं.

गावाकडे दाब कमी-जास्त होतो म्हणून घाबरू नका. लॅपटॉपचे चार्जर बहुधा १०० ते २४० व्होल्टवर चालतात, तसं त्यांच्यावर छापलेलंही असतं. त्रास होतो तो जनरेटर सुरू होतानाच्या झटक्याचा आणि विजांचा. चांगला स्पाइक गार्ड बाळगा, आणि परतीच्या पावसात गडगडाट सुरू झाला की चार्जर भिंतीतून काढून बॅटरीवर वाजवा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. हम, म्हणजे स्पीकरमधली घरघर, येतो म्हणून तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणारे मी पाहिले आहेत. ओल्या खळ्यात, पायाखाली शेण-मातीची जमीन आणि हातात धातूचा माईक असताना ही गोष्ट जिवावर बेतू शकते. हम घालवायचे दुसरे मार्ग आहेत, ते पाचव्या पायरीत येतील.

तिसरी पायरी: आवाज कशातून काढायचा

तीन वाटा आहेत: विंडोज लॅपटॉप, मॅक, आयपॅड. अँड्रॉइड फोनवरून स्टेजवर वाजवायच्या भानगडीत पडू नका. कळ दाबणं आणि आवाज येणं यातलं अंतर फोनागणिक बदलतं, आणि ढोलकीबरोबर वाजवताना ते लगेच जाणवतं.

हे अंतर, म्हणजे लेटन्सी, आधी समजून घ्या. सॉफ्टवेअर आवाजाचे तुकडे साठवून एकदम पुढे पाठवतं, त्या साठ्याला बफर म्हणतात. ४४.१ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पलचा (तुकड्यांचा) बफर म्हणजे २.९ मिलिसेकंद. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एवढ्या वेळात तो एक मीटर गेला. पखवाजवाला तुमच्यापासून एक मीटरवर बसला असेल तर त्याच्या थापेलाही तुमच्या कानापर्यंत यायला तेवढाच वेळ लागतो. त्यामुळे १२८ ची काळजी नको. २५६ ला ५.८ मिलिसेकंद होतात, पेटी आणि स्ट्रिंग्ज त्यावर बिनधास्त वाजवा. ५१२ ला साडेअकरा होतात, वर इंटरफेसचा आणि कीबोर्डचा वेळ धरला की बोटांना चिखलात चालल्यासारखं वाटायला लागतं. ब्लूटूथ स्पीकर आणि ब्लूटूथ हेडफोन तर सरावालाही लावू नका, त्यांचा उशीर शंभर मिलिसेकंदांच्याही पुढे जातो.

विंडोजचा लॅपटॉप घेताना प्रोसेसरच्या जाहिरातीपेक्षा त्याच मशीनवर लेटन्सीमॉन नावाचं छोटं सॉफ्टवेअर चालवून बघणं जास्त उपयोगाचं. लॅपटॉपमधला कुठलाही ड्रायव्हर, बऱ्याचदा वाय-फायचा, मधेच प्रोसेसर अडवून धरतो आणि आवाजात टिचक्या पडतात. लेटन्सीमॉन तो चोर दाखवतं. जुना लॅपटॉप घेत असाल तर विकणाऱ्यासमोर अर्धा तास हे चालवा. रॅम १६ जीबी असावी, आणि आवाजांची लायब्ररी आतल्या एसएसडीवर असावी. बाहेरची डिस्क म्हणजे आणखी एक वायर, आणि मंडपात प्रत्येक वायरीवरून कोणी ना कोणी जातंच.

मॅकला ऑडिओसाठी वेगळी ड्रायव्हरची डोकेदुखी नसते, आणि अॅपलचं मेनस्टेज हे खास स्टेजसाठीच केलेलं सॉफ्टवेअर फक्त मॅकवर चालतं. एकदाच पैसे भरावे लागतात आणि आत पियानो, ऑर्गन, स्ट्रिंग्ज भरपूर मिळतात. जुना एम-१ एअर हाताशी येत असेल तर माझा कौल त्यालाच. त्याला पंखा नाही, त्यामुळे धूळ आत ओढली जात नाही. विंडोजवर हेच काम कँटाबिले किंवा गिग परफॉर्मर करतं, गिग परफॉर्मर मॅकवरही चालतं.

आयपॅड सगळ्यात हलका. एयूएमसारख्या अॅपमध्ये एकावर एक वाद्यं मांडता येतात. पण आयपॅडला पोर्ट एकच. चार्जिंग, इंटरफेस आणि कीबोर्ड सगळं एका हबवरून जातं, आणि दुसऱ्या पायरीत हबबद्दल सांगितलं ते इथे टाळता येत नाही. आयपॅडसाठी क्लास कम्प्लायंट, म्हणजे वेगळा ड्रायव्हर न लागणारा इंटरफेसच घ्या. उन्हाचाही विचार करा. अॅपलने आयपॅड आणि मॅकबुक वापरायची मर्यादा ३५ अंशांपर्यंत दिली आहे. मे महिन्यात दुपारच्या हळदीला, उन्हात ठेवलेला काळा आयपॅड त्याच्या पुढे जातो, मग पडदा अंधुक होतो आणि एका क्षणी तापमानाची सूचना येऊन काम थांबतं. सावली मिळेल अशीच जागा मागून घ्या.

आवाज निवडताना मॉडेलिंग आणि सॅम्पल यातला फरक लक्षात ठेवा. सॅम्पलचा पियानो म्हणजे प्रत्येक कळ वेगवेगळ्या जोराने रेकॉर्ड केलेली, त्यामुळे तो कित्येक जीबी भरतो आणि लोड व्हायला वेळ घेतो. पियानोटेकसारखं मॉडेलिंग सॉफ्टवेअर तारेचा कंप गणिताने तयार करतं, ते काही दहा एमबींत मावतं आणि सेकंदांत उघडतं. घरी हेडफोनवर मला सॅम्पलचा पियानो जास्त आवडतो. मंडपातल्या स्पीकरवर, समोर लेझीम आणि पोरांचा गलका असताना, तो फरक कोणाला ऐकू येत नाही. सगळं बंद पडून पुन्हा सुरू करायची वेळ आली तर मात्र वीस सेकंद आणि तीन मिनिटं यातला फरक अख्ख्या मंडपाला ऐकू येतो.

आणि परवाना. काही सॉफ्टवेअर इंटरनेटवर विचारणा केल्याशिवाय उघडत नाहीत. आयलॉक या परवाने सांभाळणाऱ्या व्यवस्थेचा क्लाऊडवाला पर्याय तर नेट सतत चालू मागतो. घाटाखालच्या किती वाड्यांत रेंज येते ते तुम्हाला माहीत आहेच. आयलॉक लॅपटॉपवरच किंवा त्याच्या यूएसबी चावीवर चालू करून घ्या. विकत घेण्याआधी ट्रायल टाका, वाय-फाय बंद करून लॅपटॉप रीस्टार्ट करा आणि सगळे आवाज उघडतात का बघा.

चौथी पायरी: कीबोर्ड

पूर्ण आकाराची एक पांढरी कळ साधारण साडेतेवीस मिलिमीटर रुंद असते. त्या हिशेबाने कळांचा नुसता पट्टा ३७ ला ५२ सेंटीमीटर, ४९ ला ६८, ६१ ला ८५ आणि ८८ ला १२२ सेंटीमीटर. कडेच्या चाकांसाठी दहा-पंधरा सेंटीमीटर आणखी धरा. ४९ वाला पाठीवर आडवा न होता मोटरसायकलवर जातो आणि एसटीत मांडीवर उभा राहतो. ६१ वाला मागे बसलेल्या माणसाच्या हातात द्यावा लागतो.

साडेतीन सप्तकांच्या पेटीला ४२ सूर असतात, म्हणजे पेटीवर हात बसलेल्याला ४९ पुरून उरतात. ऑर्केस्ट्रात डाव्या हाताने बेस आणि उजव्याने स्ट्रिंग्ज वाजवायच्या असतील तर ६१ घ्या. २५ छोट्या कळांचे कीबोर्ड स्वस्त आणि गोंडस दिसतात, पण पेटीवर तयार झालेली बोटं त्या अरुंद कळांवर घसरतात. मी तो फक्त अडीअडचणीसाठी ठेवतो.

दुकानात कळ अलगद, मग जोरात दाबून बघा, आणि एकच कळ भरभर ठोका. भरभर वाजवताना सुटणारी कळ तिथेच कळते. यूएसबीचं सॉकेट हातात धरून हलवा. ते सैल असेल तर बाकी सगळं चांगलं असूनही घेऊ नका. गोल पाच पिनांचं जुनं मिडी सॉकेट असेल तर उत्तम. १९८३ पासून ते तसंच आहे, आणि कधी लॅपटॉपच बंद पडला तर तोच कीबोर्ड दुसऱ्याच्या साउंड मॉड्यूलला, म्हणजे कळा नसलेल्या, नुसता आवाज देणाऱ्या डब्याला, लावता येतो. सस्टेनचा पेडल आधी जोडून मग कीबोर्ड चालू करा. बरेच कीबोर्ड चालू होताना पेडलची दिशा ओळखतात, पाय ठेवलेला असेल तर उलटी ओळखतात आणि कार्यक्रमभर सूर लांबत राहतात.

पेटीचा आवाज वाजवणाऱ्यांसाठी इथे एक महत्त्वाची जोडणी आहे. पेटीत कळ जोरात दाबली म्हणून सूर मोठा होत नाही, भात्याने होतो. म्हणून पेटीच्या पॅचला, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये जुळवून ठेवलेल्या आवाजाला, व्हेलॉसिटी (कळ दाबायचा जोर) एकाच आकड्यावर, साधारण १०० वर, बांधून टाका आणि आवाजाचा चढउतार एक्सप्रेशनला, म्हणजे ११ नंबरच्या मिडी कंट्रोलला द्या. खाली बसून वाजवत असाल तर तो कंट्रोल कीबोर्डच्या डाव्या बाजूच्या स्लायडरवर किंवा मॉड्युलेशनच्या चाकावर घ्या. डावा हात भाता मारायला शिकलेलाच आहे, तो दोन दिवसांत तिथे रुळतो. खुर्चीवर बसत असाल तर एक्सप्रेशन पेडल लावा. दशावतारातल्या पायपेटीवाल्याचा पाय भात्यावर आणि दोन्ही हात सुरांवर असतात, तशीच ही मांडणी. म्हणून कीबोर्ड निवडताना डावीकडे निदान एक स्लायडर असलेला बघा. या एका गोष्टीमुळे माझी पेटी मेल्यासारखी वाजायची थांबली.

पाचवी पायरी: साऊंडवाल्यापर्यंतची वायर

लॅपटॉपच्या हेडफोनच्या छोट्या भोकातून थेट मिक्सरला देऊ नका. पिन सैल होते, आवाज एका बाजूने जातो, आणि चार्जर लावला की पन्नास हर्ट्झची घरघर सुरू होते. दोन आउटपुटांचा साधा इंटरफेस पुरे, फोकसराइट स्कारलेट २आय२ च्या वर्गातला कुठलाही. आउटपुट बॅलन्स्ड, म्हणजे लांब वायरीतही घरघर न पकडणारी, हवीत. विंडोज असेल तर कंपनीचा स्वतःचा एएसआयओ, म्हणजे लेटन्सी कमी ठेवणारा, ड्रायव्हर आहे का ते विचारा.

इंटरफेसपासून पुढे एक डीआय बॉक्स ठेवा, साधा, बॅटरी न लागणारा, आत ट्रान्सफॉर्मर असलेला. तुमच्याकडून मोठी पिन, म्हणजे आपले साऊंडवाले जिला पी-३८ म्हणतात ती, आत जाते आणि मिक्सरकडे कॅननची, म्हणजे तीन पिनांची एक्सएलआर, वायर निघते. ट्रान्सफॉर्मरमुळे दोन्ही बाजूंची वीज एकमेकींना लागत नाही आणि वायर लांब टाकली तरी घरघर येत नाही. तरी आली तर बॉक्सवरचा ग्राउंड लिफ्टचा खटका सरकवा. एवढ्याने नाही गेली तर चार्जर काढा आणि बॅटरीवर वाजवा. नव्वद टक्के वेळा इथेच प्रश्न मिटतो, आणि अर्थिंगच्या पिनेला हात लावावा लागत नाही.

मंडपात साऊंडवाला सांगतो, "एकच चॅनल आसा." हे गृहीत धरूनच घरून निघा. स्टिरिओ पियानोची फक्त डावी बाजू दिली तर वरचे सूर दबतात, आणि दोन्ही बाजू वायरीने जोडून एक केल्या तर कधीकधी पोकळ वाजतात. सॉफ्टवेअरमध्ये मास्टरवर मोनो करून प्रत्येक पॅच घरीच ऐकून ठेवा. जो मोनोमध्ये पोकळ होतो तो पॅच बदला.

वायरींची लांबी मोजून घ्या. यूएसबीची वायर पाच मीटरच्या आतच हवी, मी दोन मीटरची वापरतो. कीबोर्डला लावलेली वायर एकदा हँडलला किंवा पाटाच्या पायाला गुंडाळून मग लॅपटॉपकडे न्या. आरतीला माणसं उठतात, कोणाचा तरी पाय अडकतो, तेव्हा ओढ सॉकेटवर न येता पाटावर येते.

सहावी पायरी: बुवांची पट्टी

सामान आलं, आता ते गावातल्या पेटीला जुळवायचं. सॉफ्टवेअरचं ट्यूनिंग ४४० वर असतं. बुवांची पेटी वीस-पंचवीस वर्षांची असेल तर ती थोडी चढी किंवा उतरी असतेच, आणि दोन्ही एकत्र वाजल्या की सुरात लाटा येतात. कार्यक्रमाआधी बुवांना त्यांचा षड्ज धरायला सांगा, समजा काळी एक. फोनवरच्या ट्यूनरमध्ये तो सी शार्प दिसेल आणि शेजारी किती सेंट वर किंवा खाली ते दिसेल. एका कळेपासून लगतच्या कळेपर्यंत, काळ्याही धरून, शंभर सेंट असतात. जी पेटी ४४४ ला लागलेली आहे ती ४४० पेक्षा साधारण १६ सेंट चढी. तेवढा आकडा सॉफ्टवेअरच्या मास्टर ट्यूनमध्ये घाला. मग भाता हळू मारून आणि जोरात मारून पुन्हा बघा, कारण जोर वाढला की पत्तीचा सूर किंचित हलतो. मधला आकडा धरा.

या एका कारणासाठी मी सॉफ्टवेअर निवडताना सगळ्या वाद्यांचं ट्यूनिंग एका जागेहून बदलतं का ते आधी तपासतो. प्रत्येक पॅच उघडून वेगळा बदलावा लागत असेल तर भजनाच्या आधीच्या दहा मिनिटांत ते होणार नाही.

ट्रान्सपोज म्हणजे आपली स्केलचेंजर पेटीच. तिथे कळांचा सबंध संच सरकवतात, इथे आकडा. तुम्ही पांढरी एकमधून वाजवता आणि बुवा काळी दोनमधून गातात, तर अधिक तीन. पांढरी चारला अधिक पाच. हे कीबोर्डवरच्या बटणाने करण्यापेक्षा सॉफ्टवेअरमध्ये करा, पडद्यावर आकडा मोठा दिसतो आणि चुकून बोट लागून बदलत नाही. कळ दाबलेली असताना कधीही बदलू नका. सूर एका आकड्याने सुरू होतो, सोडण्याचा निरोप दुसऱ्या आकड्याने जातो आणि तो सूर अडकून राहतो. तसं झालं तर सगळे सूर सोडायचं पॅनिक बटण एका हाताच्या अंतरावर हवं. कीबोर्डचं एक बटण त्यालाच देऊन ठेवा.

सातवी पायरी: लॅपटॉप कार्यक्रमासाठी बांधणे

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी काहीही अपडेट करू नका. विंडोजचं अपडेट थांबवा, झोपायची वेळ कधीच नाही अशी ठेवा, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (यूएसबीला आपोआप झोपवणारी सेटिंग) बंद करा, वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद करा. मॅकवर सूचना बंद करून वाय-फाय काढा. पॅच गाण्यांच्या क्रमाने लावा आणि नावं गाण्यांची द्या: "गौळण, काळी एक, पेटी आणि स्ट्रिंग्ज" असं. अंधारात इंग्रजी पॅचची नावं वाचत बसायला वेळ नसतो. दहा-बारा पॅच पुरतात. सगळे आधीच मेमरीत चढलेले असावेत, म्हणजे बदलताना आवाज तुटणार नाही.

आठवी पायरी: खारी हवा आणि लाल माती

मालवणला किनाऱ्यालगत दोन महिने उघड्या पिशवीत राहिलेली पी-३८ ची पिन मी हातात घेतली होती. चकचकीत निकेलवर पांढरट बुरशीसारखा थर, नखाने खरवडला तर खाली हिरवं. ती पिन लावली की आवाज करकरत येई, फिरवली की जाई. खारी हवा आणि पावसाळी दमट हवा मिळून असं करतात. पिना महिन्यातून एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती कापडाने पुसा. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या मधूनमधून उन्हात किंवा तव्यावर हलक्या आचेवर वाळवा. पावसात आणलेला लॅपटॉप खोलीत येताच लगेच चालू करू नका, विशेषतः एसीच्या गाडीतून उतरून दमट मंडपात गेलात तर. काचेवर दव धरतं तसंच आतही धरतं. पंधरा-वीस मिनिटं थांबा.

आंगणेवाडीच्या जत्रेच्या दिवसांत, फेब्रुवारीच्या आसपास, त्रास मातीचा. लाल धूळ कळांच्या फटींतून खाली जाते आणि कळेखालच्या रबरी संपर्कावर बसते, मग कळ कधी अजिबात वाजत नाही, कधी एकदम जोरात वाजते. वाजवत नसाल तेव्हा कीबोर्डवर ओलसर नसलेला जाड पंचा टाका. एवढा साधा उपाय आहे.

बसायची जागा ठरवताना कीबोर्ड कमी उंचीच्या चौरंगावर आणि लॅपटॉप डावीकडे पाटावर ठेवा, पखवाजवाल्याच्या विरुद्ध बाजूला. स्पीकरच्या समोर आणि मंडपाच्या कडेला बसू नका, पन्हळीचं पाणी तिथेच पडतं. वायरींवर कापडी टेप लावा. खाकी पॅकिंग टेपचा गोंद वायरीला चिकटून राहतो आणि त्यावर माती बसते.

नववी पायरी: दुसरा आवाज

कितीही केलं तरी एखाद्या दिवशी लॅपटॉप उघडणार नाही. तेव्हा काय, ते आधीच ठरवा. माझ्याकडे स्वतःचे आवाज असलेला एक जुना छोटा कीबोर्ड आहे, पेन्सिल सेलवर चालणारा. त्याची पी-३८ ची वायर डीआय बॉक्सपाशी तयार पडलेली असते. आवाज साधा आहे, पण पट्टी जुळवता येते. दुसरा लॅपटॉप नेण्यापेक्षा हा मार्ग मला जास्त भरवशाचा वाटतो, कारण दोन्ही लॅपटॉपमध्ये तेच सॉफ्टवेअर आणि बऱ्याचदा तोच बिघाड असतो. तानपुरा फोनवर ठेवलात तर फोन विमान मोडमध्ये टाका.

दहावी पायरी: घरातली तालीम

नवीन सामान पहिल्यांदा कार्यक्रमाला नेण्याआधी घरी पूर्ण मांडा, खाली बसून, चार्जर न लावता, पडदा निम्म्या उजेडावर. दोन तास सलग वाजवा आणि शेवटी बॅटरी किती उरली ते लिहून ठेवा. मग चार्जर लावा आणि घरातल्या कोणालातरी सांगा की न सांगता मेन स्विच बंद कर आणि मिनिटाभराने चालू कर. आवाज तुटला का, तुटला तर परत यायला किती वेळ लागला, हे घड्याळ लावून बघा. मग यूएसबीची वायर वाजवता वाजवता उपटा आणि परत लावा. काही सॉफ्टवेअर इंटरफेस परत आला की आपसूक धरतात, काहींना सेटिंगमध्ये जाऊन पुन्हा निवडून द्यावा लागतो. तुमचं दुसऱ्या प्रकारचं असेल तर त्या तीन क्लिक बोटांत बसेपर्यंत पुन्हा पुन्हा करा, डोळे मिटूनसुद्धा. मी हे आता दर गणपतीच्या आधी करतो. गेल्या वेळी स्विच आईने बंद केला. अभंगाच्या दुसऱ्या ओळीवर घर अंधारात गेलं आणि हेडफोनमध्ये पेटीचा सूर तसाच चालू राहिला.